आधी खपली, मग मलम

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नातू बालवाडीतून आला तो नाकाखाली बोट चोळतच. आठवडाभर सर्दी होती, पुसून पुसून कातडी सोलवटली होती, म्हणून सुनेने खोबरेल लावलं आणि आम्ही सगळेच विसरून गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तिथे पिवळसर खपली धरलेली. गुळाचा पाक सांडून वाळावा तशी. सून म्हणाली, "आई, उष्णता झालीय. दुधातून सब्जा देऊ का?"

मी एकतीस वर्षं आरोग्यसेविका होते, त्यातली बरीचशी चिपळूण आणि गुहागर तालुक्यांतल्या उपकेंद्रांवर. ही गुळाच्या पाकाची खपली मी इतक्या पोरांच्या तोंडावर पाहिलीय की लांबून ओळखते. सब्जा द्यायला माझी हरकत नव्हती. त्याने पोर गार झोपेल, खपली काही हलणार नाही.

डॉक्टर याला इम्पेटिगो म्हणतात. आमच्याकडे कोणी पुळ्या म्हणतं, कोणी फोड, कोणी "उतलंय" म्हणून मोकळं होतं. मे-जूनमध्ये तर दोष ठरलेलाच: आंबा. त्यात अर्धं खरं आहे. देठाजवळचा चीक ओठाला, हनुवटीला लागला की कातडी खरंच भाजते, आणि पोरं आंबा चोखताना देठ पुसत नाहीत. पण चिकाचं उतलेलं चार दिवसांत काळं पडून सुकतं. ते ओलं राहिलं, पसरायला लागलं, बाजूला नवीन पुळी आली, तर आंब्याचं काम संपून जंतूंचं सुरू झालंय असं समजायचं.

जंतू मुख्यतः दोन. सूक्ष्मदर्शकाखाली एक द्राक्षांच्या घडासारखा दिसतो, तो स्टॅफिलोकोकस. दुसरा मण्यांच्या माळेसारखा, तो स्ट्रेप्टोकोकस. घडवाला तर आपल्यातल्या कितीतरी जणांच्या नाकपुडीत गुपचूप राहतो आणि काही करत नाही. कातडी धड असेल तोवर दोघांनाही आत शिरता येत नाही. वाट आपणच करून देतो: डास चावला ते खाजवलं, गुडघा फुटला, सर्दीने नाकाखाली सोललं, इसब आहे, खरूज आहे. त्यात पावसाळ्यातली दमट हवा आणि दोन दिवस न वाळलेले कपडे. म्हणून आमच्या रजिस्टरला जून ते सप्टेंबर हीच नावं. वय बहुतेक दोन ते पाच. नाकातलं बोट पायाच्या खाजेवर आणि पायावरचं बोट परत तोंडाकडे नेण्याचं हेच वय.

ओळखायचं कसं ते सांगते. सुरुवातीला बारीक पुळी किंवा पाण्याचा फोड असतो, पण तो एवढा नाजूक की बहुतेक आईच्या नजरेला पडायच्या आत फुटतो. मग लस पाझरते आणि सुकून पिवळी-तपकिरी खपली धरते. गोऱ्या पोराच्या कातडीवर भोवती लाली दिसते. सावळ्या, काळ्या पोरावर लाली शोधत बसू नका, तिथे कडा नुसती काळपट-जांभळट दिसते. नाक-तोंडाभोवती, हातापायांवर जास्त. खाजतं, पण फार दुखत नाही. पोर खेळत असतं, जेवत असतं, ताप नसतो. त्यामुळेच घरचे आठ-आठ दिवस काढतात.

दुसरा एक प्रकार तान्ह्यांत आणि दोन वर्षांच्या आतल्यांत दिसतो. लंगोटाच्या जागी, काखेत, पोटावर मोठे, लुळे फोड येतात. आत आधी स्वच्छ पाणी, मग गढूळ पिवळं. फुटले की चकचकीत ओली जागा आणि कडेला सोललेल्या पापुद्र्याची झालर. घडवाल्या जंतूच्या विषाने कातडीचा वरचा थर सुटतो, म्हणून असं होतं. हे दिसलं तर घरी काही करत बसू नका, बाळाला उचला आणि दवाखाना गाठा. तिसरा प्रकार अनवाणी फिरणाऱ्या मोठ्या पोरांच्या नडग्यांवर: जाड काळपट खपली आणि खाली खोल खड्डा. तो भरायला वेळ लागतो, व्रणही राहतो.

गफलती ठरलेल्या. कांजण्यांत ताप येतो आणि पुळ्या आधी अंगावर, पोटा-पाठीवर उठतात. गजकर्णाची कडा गोल, उठलेली आणि मध्ये कातडी साफ. ओठाच्या कडेला बारीक फोडांचा पुंजका, आधी चुणचुण, आणि दर तापाला त्याच जागी येतो, तर तो 'जर', म्हणजे विषाणूमुळे येणारे तापाचे फोड. त्याचं औषध वेगळं. खरजेचं पुढे सांगते, तिने मलाही फसवलंय.

खपली काढायची, ओरबाडायची नाही

लोक नेमके इथेच चुकतात. ट्यूब आणतात, दिवसातून तीनदा लावतात, आणि आठव्या दिवशी म्हणतात, "बाई, मलमाचा गुणच नाही." लावलं कुठे, तर खपलीवर. जंतू खाली, मलम वर, मध्ये ही कौलं शाकारलेली. गुण येणार कुठून?

नातवाला मी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसवलं. बंबातलं पाणी चांगलं उकळून, झाकून, कोमट होऊ दिलं. मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून पाहायचं, बाळाच्या दुधासारखं. जुन्या सुती धोतराचे तळहाताएवढे आठ-दहा तुकडे आधीच उकळून ठेवले होते. माझे हात साबणाने कोपरापासून खाली, नखांच्या आतपर्यंत धुतले. मग एक तुकडा भिजवून, हलका पिळून, खपलीवर नुसता ठेवला. चोळला नाही. पाच मिनिटांनी दुसरा ठेवला, पुन्हा पाच मिनिटं. पोर दहा मिनिटं स्वस्थ बसत नाही, म्हणून पागोळ्या मोजायला लावल्या. तो वीसपर्यंत मोजतो आणि परत एकवर येतो.

दहा मिनिटांत खपली भिजलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी होते. मग साध्या साबणाचा थोडा फेस घेऊन कडेकडून अलगद पुसायची. सुटेल तेवढीच काढायची, अडली तर परत पाणी ठेवायचं. रक्ताचा ठिपका दिसला की तिथे थांबायचं; उरलेली संध्याकाळी निघेल. एक तुकडा एकाच पुळीला. त्याच तुकड्याने गाल पुसला तर गालावर नवीन पुळी आपणच पेरली. वापरलेले तुकडे थेट उकळत्या पाण्यात, नाहीतर पिशवीत बांधून कचऱ्यात. पाण्यात झाकणभर जंतुनाशक ओतायचा मोह होतो, पण ओल्या जागेवर ते झोंबतं आणि पोर पुढच्या वेळी पाटावर बसत नाही. साबण-पाणी पुरतं.

मग जागा टिपून कोरडी करायची आणि खालच्या गुलाबी ओलसर कातडीवर मलम लावायचं. एका पुळीला मुगाच्या डाळीएवढं, पातळ थर, कडेच्या चांगल्या कातडीवरही थोडं. ट्यूबचं तोंड पुळीला टेकवायचं नाही. आधी स्वच्छ कापसाच्या काडीवर घ्यायचं, काडी परत ट्यूबला लावायची नाही. नंतर पुन्हा हात धुवायचे.

मलम कुठलं ते डॉक्टर सांगतील. दोन-चार पुळ्यांसाठी बहुधा २ टक्के म्युपिरोसिन लिहितात, दिवसातून दोन-तीनदा, पाच दिवस. कधी फ्युसिडिक ॲसिड. तिसऱ्या दिवशी जागा सुकायला लागली पाहिजे, नवीन पुळी यायला नको. तसं झालं नाही तर परत दाखवायचं. आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून ट्यूब कपाटात टाकायची नाही, पाच दिवस म्हणजे पाच दिवस.

कपाटावरून आठवलं. प्रत्येक घरात एक "सगळ्यावर चालणारी" ट्यूब असते. कधीतरी कोणाच्या गजकर्णाला म्हणून औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, शेपटीकडून गुंडाळत आणलेली. माझ्या एका उपकेंद्राच्या गावात एक दुकानदार पोरांच्या पुळ्यांनाही तीच द्यायचा. तीत स्टेरॉइड असतं. एका रात्रीत लाली उतरते, खाज थांबते, आई खूश होते. पण स्टेरॉइडने त्या जागेची झुंजायची ताकदच झोपवलेली असते; जंतू आतल्या आत पसरतात आणि आठवड्याने दुप्पट जागा घेऊन वर येतात. मी त्याच्याशी दोनदा भांडले. तिसऱ्यांदा त्याने चहा पाजला आणि विकत राहिला. तुमच्या ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असलं काही नाव असेल तर ती पुळीला लावू नका. हळदीची पेस्ट, चुना, दात घासायची पेस्ट, चुलीतली राख हेही नको. राख लावलेली जागा धुवायला मला अर्धा तास लागलाय आणि पोराने आळी डोक्यावर घेतली आहे.

पोटातलं औषध कधी

पुळ्या बऱ्याच असतील, अंगावर ठिकठिकाणी असतील, घरात किंवा वर्गात एकदम तिघाचौघांना असतील, फोडाचा प्रकार असेल किंवा नडगीवरचा खोल असेल, तर मलमावर भागत नाही. डॉक्टर सेफॅलेक्सिन किंवा ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडसारखं अँटिबायोटिक देतात, साधारण सात दिवसांचं, पोराच्या वजनावर. म्हणून शेजारच्या पोराचं उरलेलं नको. आधी कधी पेनिसिलिनने अंगावर पित्त उठलं असेल तर चिठ्ठी लिहायच्या आधी सांगा, नंतर नव्हे.

पावडरची बाटली मिळाली तर ती नीट करणं हीसुद्धा एक कला आहे. उकळून गार केलेलं पाणी आधी अर्ध्यापर्यंत घाला, झाकण लावून खळखळून हलवा, फेस बसू द्या, मग बाटलीवरच्या खुणेपर्यंत भरा, परत हलवा. लोक एकदम खुणेपर्यंत ओततात. पावडर विरघळली की पातळी खाली येते आणि औषध कमी पाण्यात जास्त घट्ट होतं. दर डोसाआधी हलवायचं. स्वयंपाकघरातला चमचा नाही, बाटलीबरोबरचं माप किंवा पिचकारी. फ्रिजमध्ये ठेवायचं की बाहेर, आणि किती दिवसांनी टाकून द्यायचं, हे वेष्टनावर असतं; वाचता येत नसेल तर दुकानातच विचारून घ्या.

घरातल्या बाकीच्यांचं

आमच्याकडे टॉवेल म्हणजे पंचा, आणि पंचा म्हणजे दोरीवरचा एकच, ज्याचा हात पोचेल त्याचा. मी पहिल्याच दिवशी नातवाच्या पंच्याला लाल दोरा शिवला आणि त्याच्या उंचीला वेगळा खिळा मारला. उशीचा अभ्रा रोज बदलला. त्याचे कपडे, पंचा, अभ्रा गरम पाण्यात भिजवून धुतले. ऊन असेल तर उन्हात, नसेल तर, कारण जुलैत चिपळुणात ऊन कुठलं, कडक इस्त्री. नखं मुळापासून कापली. रात्री झोपेत ओरबाडतो म्हणून पायमोजे हातांत घातले. पहिल्या रात्री रडला, दुसऱ्या रात्री त्यांचे बाहुले करून खेळला. धाकटीला तीन दिवस त्याच्या अंथरुणात येऊ दिलं नाही.

हात धुण्याचं सगळेच सांगतात आणि सगळेच ऐकून सोडून देतात, म्हणून आमच्या एका वैद्यकीय अधिकाऱ्यांनी बैठकीत सांगितलेलं सांगते. कराचीतल्या वस्त्यांमध्ये घरोघर साबण देऊन हात धुवायला शिकवलं आणि नंतर मोजदाद ठेवली. तो अभ्यास २००५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पंधरा वर्षांखालच्या पोरांत हा आजार ३४ टक्क्यांनी कमी झाला. त्यातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच: जंतुनाशक साबण आणि साधा साबण यांत फरक पडला नाही. तेव्हापासून मी बायकांना सांगायचे, जाहिरातीतला महाग साबण राहू दे, चाराण्याची वडी आण, पण नळाशी ठेव. कपाटातल्या साबणाने कोणी हात धुवत नाही.

बालवाडीत कधी पाठवायचं? औषध सुरू होऊन २४ तास झाले की लागण होण्याची भीती बरीच कमी होते. पण ते औषध धड लावलं तर. मी अंगणवाडीताईंना दोन दिवस सांगायचे आणि उघडी ओली पुळी असेल तर गॉजने झाकायला लावायचे. नातवाला आम्ही दोन दिवस घरी ठेवलं. बाईंना फोन करून सांगितलंही, कारण न सांगणारे पालकच जास्त. लाज वाटते. पोराला घाण ठेवतात असं कोणी म्हणेल म्हणून. स्वच्छ घरातल्या पोरालाही डास चावतो.

खरजेने मला कसं फसवलं

नोकरीचं तिसरं-चौथं वर्ष. एका वाडीवर एका घरातल्या दोघा भावांना हातभर पुळ्या. मी मोठ्या ऐटीत पाणी-खपली-मलम सगळं करून दाखवलं, डॉक्टरांकडून गोळ्या आणवल्या. दहा दिवसांत साफ. पंधराव्या दिवशी परत तस्सं. पुन्हा उपचार, पुन्हा साफ, पुन्हा पुळ्या. मी आईवर चिडले, तू पंचा वेगळा ठेवत नाहीस म्हणून. ती बिचारी ऐकून घेत होती आणि ऐकता ऐकता बोटांच्या बेचक्यात खाजवत होती. आजी दारात बसून पोटावर खाजवत होती. तेव्हा डोक्यात उजेड पडला. पोरांना मुळात खरूज होती. खरजेचे किडे कातडी पोखरत होते, पोरं रात्रभर खाजवत होती आणि जंतू त्या ओरखड्यांतून शिरत होते. मी फक्त वरचा मजला झाडत होते.

मग घरातल्या सातही जणांना एकाच रात्री, खाज असो वा नसो, गळ्यापासून तळव्यापर्यंत परमेथ्रिन, म्हणजे खरजेचे किडे मारणारं मलम, लावायला दिलं, बेचक्यांत, बेंबीत, नखांखाली, आणि सकाळी धुवायला सांगितलं. आठवड्याने पुन्हा एकदा. पुळ्यांचं औषध बरोबर चालूच. त्या आईची मी नंतर माफी मागितली. तिने मला पायलीभर वाल दिले.

तर पुळ्या परत परत येत असतील, खाज रात्री वाढत असेल आणि घरात आणखी कोणी खाजवत असेल, तर डॉक्टरांना हे तिन्ही आपणहून सांगा. इसब असेल तर तेही. वरच्यावर उपचार करून दमायला होतं.

थांबायचं नाही अशा वेळा

ताप आला, पोर मलूल झालं, पुळीभोवतीची कातडी गरम, कडक, दुखरी होऊन पसरायला लागली, तिथून लाल रेघ वर चढली, डोळ्याच्या कडेला पुळी आली, किंवा तान्ह्याची कातडी भाजल्यासारखी सुटायला लागली, तर त्याच दिवशी दवाखाना. मूल दोन महिन्यांच्या आतलं असेल तर एक पुळी असली तरी दाखवायचं.

आणि एक, जे बहुतेकांना माहीत नसतं. एका सहा-सात वर्षांच्या मुलाच्या पायांवरच्या पुळ्या बऱ्या होऊन दोन-तीन आठवडे झाले होते. आई सहज म्हणाली, "बाई, ह्याचं तोंड सकाळी सुजलेलं असतं, झोप जास्त होते वाटतं." मी त्याला डब्यात लघवी करायला लावली. कोऱ्या चहाच्या रंगाची आणि जेमतेम अर्धी वाटी. मी त्याला त्याच दुपारी एसटीत घालून जिल्हा रुग्णालयात नेलं. माळवाल्या जंतूचे काही वाण असे असतात की त्यांच्याशी लढताना शरीराने तयार केलेली सामग्री मूत्रपिंडाला इजा करते. तेव्हा पुळ्या गेलेल्या असतात, घरचे विसरलेले असतात. पोराचा रक्तदाब वाढला होता, आठ दिवस ठेवून घेतलं, मीठ बंद केलं, औषधं दिली, आणि तो पूर्ण बरा झाला. लहान मुलं यातून बहुतेक बरी होतात. पण कोणी तरी डब्यात बघावं लागतं. म्हणून पुळ्या गेल्यावरही महिनाभर सकाळी पोराचे डोळे आणि लघवीचा रंग बघत जा. दुसरं काही करायचं नाही, फक्त बघायचं.

नातवाची जागा चौथ्या दिवशी कोरडी झाली, सहाव्या दिवशी तिथे नुसता फिकट डाग. सुनेला डागाचीच जास्त काळजी, नाकाखालीच असल्याने. हा आजार वरच्या थरातच असतो, त्यामुळे न ओरबाडता बरा झाला तर व्रण राहत नाही. डाग मात्र आठवडे-महिने रेंगाळतो. त्याला लिंबू-हळद-मसूरपीठ काही लावायचं नाही. गणपतीत फोटो काढले तेव्हा जवळून पाहिलं तरच दिसत होता, दिवाळीच्या फोटोत नाही. लाल दोऱ्याचा पंचा अजून त्याच खिळ्यावर आहे. आता धाकटीलाही तसाच हवाय, तिला हिरवा दोरा पाहिजे.